आरोपी कोण? आईंची सिरीयल की भिंतीवरचा डब्बा?

मे महिन्याचं लाइट बिल जूनमध्ये हातात पडतं आणि आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या घराघरांत एक खटला उभा राहतो. न्यायाधीश बिल हातात घेऊन खुर्चीत बसलेले असतात. आरोपी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असते, नाहीतर देवघरात वात वळत असते. आणि आरोप वर्षानुवर्षं तोच : "अजून पाहा सिरीयली!"

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असंच होतं ना? गंमत बघा, आयपीएलचे सामने एप्रिल-मेमध्येच असतात. रात्री साडेसातला सुरू झालेला सामना अकराच्या पुढे जातो. पण आयपीएलचं बिल कुणी कधी मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. टीव्ही तोच, भिंत तीच, मीटरही तेच. पण बाई बघते तेव्हा वीज 'जळते' आणि बुवा बघतात तेव्हा ती नुसती 'लागते'.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात लिहिते आहे खरं, पण आधी एक कबुली द्यायला हवी. आमच्या घरच्या खटल्यात आरोप करणारी मीच होते.

आमच्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या. गुडघे गेलेले, त्यामुळे देवळात जाणं बंद. बरोबरीच्या बाया एकेक करून निघून गेल्या. दुपारी तासभर कीर्तन आणि संध्याकाळी सात ते दहा मालिका, एवढाच त्यांचा जगाशी उरलेला संबंध. गेल्या उन्हाळ्यात बिल आलं 286 युनिटचं. मी नुकतीच बाहेरून आले होते, डोकं तापलेलं होतं. बिल बघितलं आणि बोलून गेले, "आई, दिवसभर तो टीव्ही सुरू असतो, बिल नाही येणार तर काय होणार?"

त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सात वाजले तरी टीव्ही लागला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या समोरच्या पडवीत खाटेवर माळ घेऊन बसून राहायच्या, दिवासुद्धा न लावता. मी म्हटलं, "आई, लावा ना टीव्ही." तर म्हणाल्या, "राहू दे बाई. मले कुठं एवढं दिसते आता. फुकटचं मीटर काहाले फिरवायचं?"

ते 'फुकटचं' मला लागलं. ज्या बाईने सारा जन्म घर चालवलं, पायलीपायलीने धान मोजून वर्षाची बेगमी केली, तिला तीन तासांच्या करमणुकीसाठी मी हिशेब विचारला. बरं, हिशेब विचारला म्हणावं तर मी तो मांडला तरी होता का? नव्हता. तांदूळ मोजून घेतो, दूध मापून घेतो, गॅस सिलिंडर किती दिवस गेलं ते कॅलेंडरवर लिहून ठेवतो. पण वीज कोण किती खातं, ते न मोजताच निकाल देऊन टाकला.

म्हणून ठरवलं, मोजायचंच.

आमचा मुलगा डिप्लोमा करतो. त्याला म्हटलं, "टीव्ही किती वीज खातो ते कसं मोजायचं?" तो म्हणाला, "आई, त्याला काय, मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना, तो मोजायचा." इतकी वर्षं तो लाल दिवा मी रोज बघत आले. तो काहीतरी सांगतो आहे, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. तेच तुम्हाला सांगते. घड्याळ, कागद आणि पेन्सिल एवढंच लागतं.

आपल्या इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पाटीवर एक आकडा छापलेला असतो. कुठे 3200, कुठे 1600, कुठे आणखी वेगळा. पुढे इंग्रजीत 'इम्प' अशी अक्षरं असतात. त्याचा अर्थ असा, की एक युनिट वीज वापरली गेली की तो दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. आमच्या मीटरवर 3200 आहे. एक युनिट म्हणजे हजार वॉटची वस्तू एक तास चालणं. शंभर वॉटची वस्तू दहा तास चालली तरी तेही एकच युनिट.

आता घरातलं सगळं बंद करायचं. फ्रिजचा प्लगही थोडा वेळ काढायचा. मीटरचा दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. तरीही लुकलुकत असेल तर काहीतरी सुरू राहिलं आहे किंवा वायरिंगमध्ये गळती आहे, असं समजून वायरमनला दाखवायचं. दिवा थांबला की फक्त टीव्ही सुरू करायचा. दिवा एकदा लुकलुकला की घड्याळ बघायचं आणि तिथून पुढे दहा लुकलुका मोजायच्या. जितके सेकंद लागले तितक्यांनी 11,250 ला भागायचं. उत्तर येतं ते वॉट. मीटरवर 1600 असेल तर 22,500 ला भागायचं. झालं! मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असतोच.

एक मात्र बजावून सांगते. मीटर फक्त बघायचं. त्याचं सील, झाकण, वायर, कशालाही हात लावायचा नाही. ते आपलं कामच नाही.

आमच्या 32 इंची एलईडी टीव्हीला दहा लुकलुकांसाठी 250 सेकंद लागले. म्हणजे 45 वॉट. आई टीव्ही बघतात दिवसाला चार तास. 45 गुणिले 4 म्हणजे 180. महिन्याचे 5,400. हजाराने भागा, झाले 5.4 युनिट. महिन्याला साडेपाच युनिटसुद्धा नाहीत! मी कागदाकडे बघतच राहिले. 286 युनिटच्या बिलात ही 5.4 युनिटं, आणि एवढ्यासाठी एक म्हातारी बाई अंधारात बसली होती.

मग बाकीची युनिटं गेली कुठे? कूलरवर प्लगमध्ये लावायचं छोटं वॉटमीटर लावून पाहिलं, मुलाने एका मित्राकडून मागून आणलं होतं. कूलर निघाला 200 वॉटचा. उन्हाळ्यात रात्रंदिवस मिळून बारा तास चालतो. महिन्याला 72 युनिट. तीन जुने पंखे, प्रत्येकी 75 वॉटच्या आसपास, बारा-बारा तास. ती झाली 81. फ्रिज, पाण्याची मोटर, इस्त्री वेगळी. आणि आपल्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे जे उभे पट्टे छापलेले असतात, ते मी पहिल्यांदाच नीट बघितले. फेब्रुवारीचा पट्टा बुटका, मेचा उंच. आई काय फेब्रुवारीत टीव्ही बघत नव्हत्या? टीव्ही तर बारा महिने तोच होता, वाढला होता कूलर. अक्कल वापरली असती तर मोजायचीही गरज नव्हती.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. टीव्ही रिमोटने बंद केला, बाकी सगळं बंदच होतं, तरी मीटर लुकलुकतच होतं. दर 39 सेकंदांनी एकदा. मुलगा म्हणाला, "आई, 29 वॉट कुणीतरी खाऊन राहिलं." घर तर झोपलेलं. मग कोण?

टीव्हीच्या खाली तीन डब्बे आहेत. एक सेट टॉप बॉक्स, दुसरा मुलाने हौसेने आणलेला होम थिएटर, तिसरा इंटरनेटचा राउटर. एकेकाचा प्लग काढत मोजलं. सेट टॉप बॉक्स रिमोटने 'बंद' केल्यावरही 9 वॉट घेत होता. सुरू असताना घेतो 11. म्हणजे बंद आणि सुरू यांत फरक फक्त 2 वॉटचा! लाल दिवा लागला की आपल्याला वाटतं झोपला. तो झोपत नाही, नुसते डोळे मिटून पडतो. होम थिएटर काही वाजत नसताना 12 वॉट. राउटर 8.

आता महिन्याचा हिशेब ऐका. आई टीव्ही बघतात त्या चार तासांत टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स मिळून 6.7 युनिट. उरलेल्या वीस तासांत, कुणी काही बघत नसताना, तो बॉक्स एकटाच 5.4 युनिट खातो. होम थिएटर दिवसाला फार तर तासभर वाजतो. उरलेले तेवीस तास नुसता बसून महिन्याला 8.3 युनिट खातो. दोघांचे मिळून 13.7. म्हणजे आईंनी डोळ्यांनी बघितलं त्याला जेवढं लागलं, त्याच्या दुपटीहून जास्त कुणीच न बघता गेलं. आणि बोलणी खाल्ली कुणी?

त्या संध्याकाळी मी आईंच्या खाटेवर जाऊन बसले. म्हटलं, "आई, चुकलं माझं. तुमच्या टीव्हीनं बिल नाही आलं." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग कोनानं आनलं?" मी सगळं सांगितलं. त्यांना आधी खरं वाटेना. "बंद केल्यावरबी खाते? असा कसा नौकर ठेवला बाई तुम्ही?" म्हणाल्या आणि हसल्या. सात वाजता टीव्ही लागला.

हा डब्बा आपल्या घरात आला कसा, तेही जरा आठवून बघा. आधी केबलची वायर सरळ टीव्हीच्या पाठीत जायची. केबल टीव्हीच्या कायद्यात 2011 साली दुरुस्ती झाली आणि केबल डिजिटल करणं सक्तीचं झालं. आधी महानगरं, मग मोठी शहरं. आपल्यासारख्या लहान शहरांसाठी 31 डिसेंबर 2015 आणि उरलेल्या गावांसाठी 31 मार्च 2017 ही मुदत होती. वर डिश आहेच, दूरदर्शनची मोफत डिश तर खेड्याखेड्यांत पोचली. चित्र स्वच्छ झालं, चॅनेल वाढले, छानच झालं. पण प्रत्येक टीव्हीमागे चोवीस तास जागणारा एक डब्बाही आला. तो किती खातो हे ना विकणाऱ्याने सांगितलं, ना आपण विचारलं.

आणि हे फक्त आपल्याच घरी होतं असं नाही. अमेरिकेत नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थेने 2011 साली तिथल्या सेट टॉप बॉक्सचा अभ्यास केला. या डब्ब्यांना लागणाऱ्या विजेपैकी सुमारे दोनतृतीयांश वीज कुणी काही बघत नसताना किंवा रेकॉर्ड करत नसताना जाते, असं त्यांना आढळलं. त्याही आधी, 1998 साली, तिथल्याच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या अॅलन मायर या शास्त्रज्ञाने म्हटलं होतं की बंद उपकरणाने एका वॉटपेक्षा जास्त वीज खाऊ नये. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 1999 साली ती कल्पना उचलली. युरोपात त्याचा नियमच झाला आणि 2010 पासून तो लागू झाला. म्हणून तर आपल्याही नव्या टीव्हीचा नुसता लाल दिवा आता अर्ध्या वॉटच्या आसपासच घेतो. तो इतका थोडा, की आपल्या मीटरवर धड दिसतही नाही. म्हणजे मनावर घेतलं तर कंपन्यांना जमतं! टीव्हीला जमलं ते डब्ब्याला का जमू नये, हे आपण ग्राहक म्हणून विचारलं पाहिजे.

आपल्याकडेही मोजणारी माणसं आहेत. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने महाराष्ट्रात आणि उत्तर प्रदेशात काही घरांमध्ये उपकरणं बसवून, घरगुती वीज खरोखर कशी वापरली जाते याच्या नोंदी ठेवल्या आहेत. केंद्र सरकारची ऊर्जा दक्षता संस्था 2002 साली स्थापन झाली आणि 2006 पासून उपकरणांवर चांदण्या आल्या. चांदण्या आपण फ्रिज घेताना बघतो. टीव्ही घेताना बघतो का? तिथे आपली नजर इंचांवर आणि सवलतीवर असते. चांदण्यांच्या त्या पट्टीवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडाही छापलेला असतो. पुढच्या वेळी तो वाचा.

महिनाभराने पवनी तालुक्यातल्या एका गावी बचत गटाची बैठक होती. हप्ते, कर्ज, सह्या सगळं उरकल्यावर मी हा विषय काढला. वाटलं होतं, बाया कंटाळतील. उलट घड्याळ घेऊन सगळ्या एकीच्या दारात जमल्या, मीटरखाली! एकीकडे जुना 21 इंची डब्बा टीव्ही होता. तो निघाला 75 वॉटचा, नव्या मोठ्या टीव्हीपेक्षा जास्त. एकीच्या घरी ॲम्प्लिफायर होता, मुलाने गणपतीत वाजवायला आणलेला. तेव्हापासून तो प्लगमध्येच. हात लावून पाहिला तर गरम! तिला म्हटलं, "बाई, गरम आहे म्हणजे खातो आहे." मोजायला काही नसलं तरी ही एक खूण ध्यानात ठेवा. बंद वस्तू कोमट लागली तर ती बंद नाही.

एक तरणी सून मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "ताई, आमच्या घरी बिल आलं का माहा मोबाइल हिसकून घेतेत. चार्जिंगनं बिल वाढते म्हनतेत." सगळ्या गप्प झाल्या. मी तिला तिथेच मांडून दाखवलं. मोबाइल रोज एकदा पूर्ण चार्ज केला तरी महिन्याला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते. मोबाइल हिसकावण्याचं कारण वीज नव्हतंच. वीज हे निमित्त होतं. ती कागद घडी करून पदरात बांधून घेऊन गेली. घरी जाऊन तिने तो दाखवला की नाही, मला माहीत नाही. पण आपण दोषी नाही, हे निदान तिला तरी कळलं.

मैत्रिणींनो, मला सांगायचं आहे ते एवढंच. न मोजलेल्या खर्चाचा दोष घरात ज्याचा आवाज सगळ्यात बारीक, त्याच्या माथी जातो. कधी म्हातारी सासू, कधी नवी सून, कधी अभ्यासाला दिवा लावणारी पोरगी. आकडा हातात असला की आवाज चढवावा लागत नाही.

आता कुणी म्हणेल, तेरा-चौदा युनिटं वाचवून काय माडी बांधणार आहात? माडी नाही बांधणार. पण बिलाचे टप्पे बघा. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, 101 ते 300 ला त्याच्या जवळजवळ दुप्पट, पुढे आणखी चढता. आपण युनिट वाचवतो ते नेहमी वरच्या टप्प्यातलं, महागातलं वाचवतो. दुसऱ्या टप्प्यात सगळे आकार धरून युनिटमागे दहा रुपयांच्या वर पडतात. तेव्हा 13.7 युनिट म्हणजे महिन्याला दीडशेच्या आसपास रुपये, वर्षाला दीड हजाराच्या वर. बचत गटात महिना शंभर रुपये भरताना ओढाताण होणाऱ्या कितीतरी बाया मला माहीत आहेत. त्यांच्या दीड वर्षाच्या हप्त्यांइतके पैसे एक डब्बा आणि एक बाजा नुसते बसून खातात.

आणि ही वीज काही आभाळातून पडत नाही. भंडाऱ्याहून नागपूरला जाताना मौदा लागतं. तिथे एनटीपीसीचं 2,320 मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. दुसऱ्या बाजूला तिरोड्याला 3,300 मेगावॉटचं. दगडी कोळसा जाळून ही वीज होते. एका युनिटला अर्धा ते पाऊण किलो कोळसा जातो. मौद्याच्या केंद्राला पाणी लागतं ते आपल्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं. त्या धरणाची पायाभरणी 1988 साली झाली आणि आपल्याच जिल्ह्यातल्या कितीतरी गावांनी त्यासाठी घरं-शेतं सोडली. ज्यांचं शेत पाण्याखाली गेलं, त्यांच्यासमोर उभं राहून "आमचा डब्बा रात्रभर उगाच सुरू असतो" असं म्हणायची हिंमत मला तरी होणार नाही. भारनियमनाची वर्षंही आठवा. 2005 नंतर कितीतरी उन्हाळे आपण कंदिलात आणि हातपंख्यावर काढले. तेव्हा एका बल्बच्या विजेची किंमत आपल्याला कळत होती. वीज दिवसभर राहू लागली आणि आपण ती विसरलो.

मग करायचं काय? फार काही नाही.

टीव्ही, बॉक्स, होम थिएटर यांचे प्लग शोकेसच्या मागे कुठेतरी असतात, हात पोचत नाही, म्हणूनच ते बंद होत नाहीत. आळस बाईचा नसतो, बटणाची जागा चुकलेली असते. वायरमनकडून एकच बटण असलेला चांगल्या प्रतीचा बोर्ड समोर, हाताला येईल असा लावून घ्या. शेवटची मालिका संपली की ते एक बटण बंद. बॉक्सला सकाळी सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा ठेवून होतो. राउटर या बोर्डावर लावू नका. मुलांचा अभ्यास, कुणाचं कामकाज त्यावर असतं, तो ज्याने त्याने गरजेप्रमाणे बंद करावा. नवा टीव्ही दुकानात ठेवतात त्या भडक उजेडावर घरी चालवायची गरज नाही. सेटिंगमध्ये जाऊन उजेड कमी केला की डोळेही निवतात आणि वॉटही उतरतात. आणि जून महिन्यात विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण नको, प्लग आणि केबलची वायर दोन्ही काढून ठेवा. ढग येण्याआधीच काढा, डोक्यावर गडगडाट सुरू असताना वायरला हात लावू नका.

आणि खरं तेही सांगते. एवढ्याने बिल निम्मं होणार नाही. बिलाचा मोठा घास कूलर, पंखे, फ्रिज आणि मोटर यांचाच असतो. त्यांचाही हिशेब अशाच पद्धतीने मांडा. जुना पंखा बदलायची वेळ आली तर आता तीस वॉटच्या आसपास चालणारे पंखे मिळतात. किंमत जास्त आहे, पण आपल्या पंख्याचे तास मोजून बघा आणि मग ठरवा. मोजल्याशिवाय घ्यायचंही नाही आणि मोजल्याशिवाय सोडायचंही नाही.

आमच्या घरी आता बोर्ड समोर आहे, आईंच्या खाटेजवळ. रात्री दहाला मालिका संपली की त्या स्वतः बटण बंद करतात. परवा आम्हा सगळ्यांचा डोळा लागला होता. मुलगा उशिरापर्यंत गाणी ऐकून तसाच झोपी गेला. सकाळी आईंनी त्याला उठवलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाव्या? "काल रातभर तुहा बाजा जागत होता. त्याच्या बिलाचे पैसे काढ!"

तेव्हा मैत्रिणींनो, पुढचं बिल आलं आणि कुणी तुमच्याकडे बोट दाखवलं तर भांडू नका. रडूही नका. बोट दाखवणाऱ्याचा हात धरा, दुसऱ्या हातात घड्याळ द्या आणि मीटरखाली उभं करा. म्हणा, "मोजा." आणि बोट दाखवणाऱ्या आपणच असू, तर आधी आपण मोजू या.